फाइलीची आवृत्ती कशी वाचावी
(कार्यप्रणाली बदलल्यानंतर शाळेतील संगणकाची पडताळणी)

आपल्या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, केंद्रप्रमुखांकडे पाठवावयाची माहिती, वर्गात दाखवावयाचे पाठ, अशी नित्याची अनेक कामे त्याच्यावर होतात. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याचा प्रयोग झाला आणि तेथील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, हे सर्वांस विदित आहेच. परंतु यंत्र वापरता येणे आणि यंत्रात काय आहे हे वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली सवयीने येते; दुसरी शिकावी लागते. प्रस्तुत पाठ या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

संगणक चालविणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. शाळांतील बहुतेक संगणकांवर ही प्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. कंपनी प्रत्येक प्रणालीस ठरावीक काळ आधार देते आणि नंतर तो काढून घेते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. प्रणाली बदलण्याचा प्रसंग शाळेवर एकदाच येऊन संपत नाही. तो काही वर्षांनी पुन्हा येतच असतो.

प्रणाली बदलली की तक्रारी सुरू होतात. काल नीट दिसणारा मराठी मजकूर आज वेगळाच दिसतो. दाखल्याचा नमुना एका पानात मावत असे, तो आता दुसऱ्या पानावर उतरतो. एखाद्या अक्षराच्या जागी रिकामी चौकट उमटते. अशा वेळी कोणी म्हणतो यंत्र बिघडले, कोणी म्हणतो विषाणू शिरला, तर कोणी परक्या पेन ड्राइव्हवरून एखादी फाइल आणून त्यात टाकून देतो. हे सर्व अंदाज होत. बदल नेमका कोठे झाला, हे सांगणारा क्रमांक बहुधा फाइलीवरच लिहिलेला असतो. अंदाज करण्यापूर्वी तो वाचावा, एवढाच या पाठाचा सारांश आहे.

१. आवृत्ती म्हणजे काय?

ही कल्पना शिक्षकांस नवी नाही. बालभारतीचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले असता प्रारंभीच्या पानावर प्रथमावृत्तीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष छापलेले आढळते. दोन पुस्तकांचे मुखपृष्ठ एकसारखे असले, तरी त्या दोन ओळींवरून कोणते जुने व कोणते सुधारलेले हे ठरते. आपल्या सोलापुरातून शंभराहून अधिक वर्षे निघणाऱ्या दाते पंचांगाचेही तसेच आहे. पंचांगाचे नाव तेच, मांडणी तीच. परंतु मुखपृष्ठावरील शक पाहिल्यावाचून कोणी तिथी पाहत नाही. गतवर्षीच्या पंचांगावरून या वर्षीची एकादशी काढावयास कोणी बसले, तर दोष पंचांगाचा नव्हे, शक न पाहणाऱ्याचा होय.

संगणकातील प्रोग्रामच्या फाइलींचे असेच आहे. नाव कायम राहते, परंतु आतील रचना सुधारली जाते, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर तिच्यावरील क्रमांक वाढतो. हा क्रमांक म्हणजेच फाइलीची आवृत्ती, अर्थात ‘फाइल व्हर्शन’. तो बनविणाऱ्याने फाइलीच्या पोटातच कोरून ठेवलेला असतो. म्हणून फाइलीचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या जागी ठेवली, तरी तो पुसला जात नाही.

मात्र हे सर्व प्रोग्रामच्या व प्रणालीच्या फाइलींस लागू आहे. आपण लिहिलेले पत्र, काढलेले छायाचित्र किंवा गुणपत्रकाचा तक्ता यांवर असा क्रमांक आढळणार नाही. तेथे फार तर लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख मिळेल.

२. क्रमांकाची रचना

आवृत्तीचा क्रमांक बहुधा चार भागांचा असतो आणि हे भाग टिंबांनी वेगळे केलेले असतात. उदाहरणार्थ, १०.०.१९०४१.१ असा क्रमांक घ्या. पहिले दोन भाग प्रणालीची पिढी सांगतात. तिसरा भाग त्या पिढीतील बांधणीचा क्रमांक असून त्यास ‘बिल्ड’ म्हणतात. चौथा भाग त्यानंतर वेळोवेळी आलेल्या किरकोळ सुधारणांचा असतो.

विंडोजच्या बाबतीत पुढील तक्ता जवळ लिहून ठेवावा :

विंडोज २००० — ५.०
विंडोज एक्सपी — ५.१
विंडोज व्हिस्टा — ६.०
विंडोज ७ — ६.१
विंडोज ८ — ६.२
विंडोज ८.१ — ६.३
विंडोज १० — १०.०
विंडोज ११ — १०.०

या तक्त्यातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, बाजारातील नाव आणि आतील क्रमांक एक नसतात. विंडोज ७ च्या फाइलींवर ७ हा अंक पिढीच्या जागी दिसत नाही, तेथे ६.१ असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विंडोज ११ च्या फाइलींवरदेखील १०.० असाच प्रारंभ होतो. तेवढे पाहून ‘प्रणाली बदललीच नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. येथे तिसरा भाग पाहावा. तो २२००० किंवा त्याहून मोठा असेल, तर ते विंडोज ११. त्याहून लहान असेल, तर विंडोज १०.

क्रमांकांची तुलना करताना आणखी एक दक्षता घ्यावी. यातील टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. दशांश अपूर्णांकांत ९.२ ही संख्या ९.१० पेक्षा मोठी असते. परंतु आवृत्तीच्या क्रमांकात ९.१० ही ९.२ च्या नंतरची होय, कारण दुसऱ्या भागात दहा हे दोनापेक्षा मोठे आहेत. प्रत्येक भाग स्वतंत्र पूर्ण संख्या मानावा, डावीकडून आरंभ करावा, आणि ज्या भागात प्रथम फरक पडेल तेथे निर्णय करावा.

३. क्रमांक कोठे पाहावा?

एक्सपीच्या काळात एखाद्या प्रोग्रामच्या फाइलीवर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की ‘व्हर्शन’ नावाचा स्वतंत्र टॅब दिसत असे. २००७ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या व्हिस्टापासून तो टॅब राहिला नाही आणि त्यातील माहिती ‘डिटेल्स’ या टॅबमध्ये गेली. जुन्या सवयीने ‘व्हर्शन’ शोधणाऱ्यास ती सापडत नाही आणि माहितीच नाहीशी झाली असा समज होतो. माहिती नाहीशी झालेली नाही. तिचे घर बदलले आहे.

त्यातच आणखी एक घोटाळा संभवतो. नव्या प्रणालीत ‘प्रिव्हियस व्हर्शन्स’ नावाचा एक टॅब असतो. नावावरून तोच आपल्याला हवा असलेला टॅब वाटतो. वस्तुतः तेथे फाइलीच्या पूर्वी जतन झालेल्या प्रती शोधावयाच्या असतात. आवृत्तीच्या क्रमांकाशी त्याचा संबंध नाही.

पडताळणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

(अ) प्रथम संपूर्ण प्रणालीचा क्रमांक पाहावा. कळफलकावरील विंडोजची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबावी. उघडलेल्या चौकटीत ‘विनव्हर’ हा शब्द डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर या सहा इंग्रजी अक्षरांनी लिहून एंटर दाबावे. प्रणालीचे नाव व बिल्डचा क्रमांक दाखविणारी लहानशी खिडकी उघडते. तो वहीत उतरवून घ्यावा.

(आ) नंतर एका फाइलीचा क्रमांक पाहावा. सरावासाठी सी ड्राइव्हवरील ‘विंडोज’ या फोल्डरातील ‘एक्सप्लोरर’ ही फाइल घ्यावी. तिच्यावर एकदाच टिचकी मारून ती निवडावी. तिचे नाव बदलू नये, ती हलवू नये वा पुसू नये. मग ऑल्ट व एंटर या कळा एकत्र दाबल्या की ‘प्रॉपर्टीज’ उघडते. त्यात ‘डिटेल्स’ निवडावे. ‘फाइल डिस्क्रिप्शन’, ‘फाइल व्हर्शन’, ‘प्रॉडक्ट नेम’, ‘प्रॉडक्ट व्हर्शन’, ‘डेट मॉडिफाइड’ अशा ओळी तेथे दिसतील. यांपैकी ‘फाइल व्हर्शन’ ही त्या फाइलीची स्वतःची आवृत्ती होय. ‘प्रॉडक्ट व्हर्शन’ ज्या संचाचा ती भाग आहे त्या संचाची असते. दोन्ही निराळ्या आढळल्यास दोन्ही लिहाव्यात.

(इ) अनेक फाइली एकदम पाहावयाच्या असल्यास फोल्डरातील मांडणी ‘डिटेल्स’ अशी करावी. वरच्या शीर्षकांच्या ओळीवर उजवी कळ दाबून ‘मोअर’ निवडावे आणि यादीतील ‘फाइल व्हर्शन’ यावर खूण करावी. मग प्रत्येक फाइलीसमोर तिचा क्रमांक स्तंभात दिसू लागतो. शाळेत दोन संगणक असतील, तर त्यांची तुलना करण्यास ही रीत सोयीची पडते.

या कामी पुढील चार ठिकाणी फसगत होण्याचा संभव असतो.

एक : पडद्यावरील चित्र हे बहुधा फाइल नसून फाइलीकडे नेणारी वाट, म्हणजे ‘शॉर्टकट’, असते. तिचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून मूळ प्रोग्रामची आवृत्ती कळत नाही. आधी ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडून मूळ फाइलीपाशी जावे.

दोन : प्रणाली बदलल्यानंतर जुनी प्रणाली काही दिवस ‘विंडोज ओल्ड’ या फोल्डरात राखून ठेवलेली असते. विंडोज १० व ११ मध्ये मागे परतण्याची मुदत सामान्यतः दहा दिवसांची असते. या काळात शोध घेतला असता त्याच नावाची जुनी फाइलही सापडू शकते. म्हणून क्रमांक लिहिताना ‘जनरल’ या टॅबवरील ‘लोकेशन’ ही ओळही पाहावी.

तीन : चौसष्ट बिटांच्या प्रणालीत एकाच नावाच्या दोन फाइली दोन निरनिराळ्या फोल्डरांत असू शकतात, एक चौसष्ट बिटांच्या प्रोग्रामांसाठी, दुसरी बत्तीस बिटांच्या. ही द्विरुक्ती दोष नव्हे.

चार : ‘विनव्हर’ने दाखविलेला बिल्ड आणि फाइलीवरील बिल्ड यांत थोडा फरक पडू शकतो. विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीत ‘विनव्हर’ १९०४५ दाखवते आणि पुष्कळ फाइलींवर मात्र १९०४१ असते. त्याचे कारण असे की, मधल्या चार-पाच आवृत्त्या एकाच फाइलसंचावर उभ्या होत्या. एक छोटी सुधारणा बसविली की आतील नव्या सोयी खुल्या होत व वरचा क्रमांक बदले. हा फरक पाहून प्रणाली अर्धवट बसली असे समजू नये.

४. मराठी अक्षरांचे उदाहरण

आता प्रश्न येतो की, प्राथमिक शिक्षकास या क्रमांकांचे प्रयोजन काय? त्याचे उत्तर आपल्या लिपीतच आहे. पडद्यावर मराठी अक्षर नीट उमटण्यास निदान दोन गोष्टी लागतात. एक, अक्षरांचे आकार साठविणारी फाइल, म्हणजे फॉन्ट; आणि दुसरी, काना, वेलांटी, रफार व जोडाक्षरे योग्य जागी बसविणारी फाइल. या दोहोंना आवृत्ती असते आणि दोहोंच्या आवृत्तीवर आपले लेखन अवलंबून असते.

विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली आणि तीबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. त्याचे आरेखन सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केले होते. अक्षरे जुळविण्याचे काम ‘युनिस्क्राइब’ हा भाग करी. त्याच्या फाइलीचे नाव ‘यूएसपी१०’. एक्सपीच्या काळात याच फाइलीवरून मोठा गोंधळ होत असे. ऑफिस २००३ हा संच आपल्याबरोबर या फाइलीची अधिक नवी प्रत आणून स्वतःच्या फोल्डरात ठेवी, आणि प्रणालीच्या फोल्डरात मात्र जुनी प्रत राही. त्यामुळे एकाच संगणकावर तोच मजकूर एका प्रोग्राममध्ये शुद्ध आणि दुसऱ्यात मोडका दिसण्याचा प्रसंग येई. पाहणारा चकित होई. परंतु दोन्ही फाइलींचे ‘व्हर्शन’ पाहिले की कोडे तत्काळ सुटे.

‘ॲ’ या अक्षराचे उदाहरण आणखी बोलके आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय प्रसृत केला आणि ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना तीत स्थान दिले. संगणकांच्या जागतिक वर्णसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. एक्सपी तर २००१ सालची. तिच्याबरोबर आलेल्या मूळ फॉन्टमध्ये सात वर्षांनंतर दाखल झालेले अक्षर कोठून असणार? म्हणून तेथे रिकामी चौकट दिसे. चौकट म्हणजे बिघाड नव्हे; ‘हे अक्षर माझ्यापाशी नाही’ असे जुन्या फॉन्टने दिलेले ते प्रामाणिक उत्तर होय.

रुपयाच्या ₹ या चिन्हाचेही असेच झाले. केंद्र सरकारने ते जुलै २०१० मध्ये स्वीकारले. विंडोज ७ त्यापूर्वीच, ऑक्टोबर २००९ मध्ये, बाजारात आली होती. मायक्रोसॉफ्टला पुढे स्वतंत्र सुधारणा काढून ते चिन्ह फॉन्टांत घालावे लागले. ज्या संगणकावर ती सुधारणा बसली नाही, तेथे पोषण आहाराच्या हिशेबात रकमेमागे चौकट दिसली, तर तो हिशेबाचा दोष नव्हता.

‘ॲ’संबंधी एक सूचना येथेच करणे आवश्यक आहे. जुन्या संगणकांवर पुष्कळांनी हे अक्षर ‘अ’वर चंद्र देऊन, म्हणजे दोन चिन्हे जोडून लिहिले. डोळ्यांस दोन्ही सारखीच दिसतात. यंत्रास ती भिन्न आहेत. नव्या प्रणालीत एकसंध ‘ॲ’ लिहून जुन्या यादीत ‘ॲलन’ हे नाव शोधले, तर ते सापडणार नाही आणि मुलाची नोंदच नाही असे वाटेल. दाखल्याच्या कामी ही गोष्ट गंभीर आहे. अशा वेळी नोंद नाही असे उत्तर पालकास देण्यापूर्वी दोन्ही रीतींनी शोध घ्यावा आणि मूळ दाखल-खारीज रजिस्टर उघडून पाहावे.

आता विंडोज १० व ११ संबंधी. विंडोज ८ पासून भारतीय भाषांसाठी ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट आला आणि विंडोज १० पासून ‘मंगल’ प्रत्येक संगणकावर आपोआप असेलच असे राहिले नाही. तो आता ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात असतो. अपराजिता, कोकिळा, उत्साह हे फॉन्टही त्याच भागात आहेत. ‘मंगल’मध्ये तयार केलेले पत्र असा भाग नसलेल्या संगणकावर उघडले, तर प्रणाली दुसरा फॉन्ट योजते. दोन फॉन्टांतील अक्षरांची रुंदी व उंची सारखी नसते. म्हणून ओळी सरकतात आणि एका पानाचा दाखला दोन पानांचा होतो. यावर उपाय सोपा आहे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधून तो भाग जोडावा, किंवा भाषांच्या यादीत मराठी जोडावी.

आपला जिल्हा सीमेवरचा असल्याने हा प्रश्न केवळ देवनागरीचा नाही. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. सोलापूर शहरात तेलुगू भाषिक मोठ्या संख्येने आहेत. उर्दू शाळाही आहेत. कन्नडचा ‘तुंगा’ आणि तेलुगूचा ‘गौतमी’ हे फॉन्टही विंडोज १० पासून असेच आपापल्या ऐच्छिक भागांत गेले आहेत. ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा फॉन्ट अरबी लिपीच्या भागात मिळतो. त्या त्या शाळांनी आपल्या लिपीचा भाग आठवणीने जोडून घ्यावा.

फॉन्टची आवृत्ती पाहण्यासाठी ‘विंडोज’ फोल्डरातील ‘फॉन्ट्स’मध्ये जाऊन तो फॉन्ट उघडावा. अक्षरांच्या नमुन्याच्या वरच्या भागात ‘व्हर्शन’ अशी ओळ असते. दोन संगणकांवर एकाच नावाचा फॉन्ट असूनही मजकूर वेगळा दिसत असेल, तर हीच ओळ प्रथम पडताळावी.

५. काय करू नये

आवृत्ती जुनी आढळली म्हणून दुसऱ्या संगणकावरून तीच फाइल उचलून आणून येथे टाकणे, हा घातक उद्योग आहे. प्रणालीच्या फाइली एकमेकींवर अवलंबून असतात. एकच बदलली की बाकीच्यांचा मेळ बिघडतो. फाइल नवी हवी असेल, तर ‘विंडोज अपडेट’च्या मार्गानेच ती येऊ द्यावी. फाइली बिघडल्याचा संशय असल्यास ‘सिस्टिम फाइल चेकर’ नावाची सोय प्रणालीतच आहे; ती जाणकाराकडून चालवून घ्यावी.

केवळ तारखेवर विसंबू नये. काल उतरवून घेतलेल्या फाइलीवर कालची तारीख दिसेल, परंतु तिची आवृत्ती दहा वर्षांपूर्वीची असू शकेल.

याउलट, केवळ क्रमांकावरही आंधळा विश्वास ठेवू नये. तो क्रमांक फाइल बनविणाऱ्याने लिहिलेला असतो, आणि लबाड माणूस तेथे वाटेल ते लिहू शकतो. सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तथापि ‘सोलापुरी’ अशी चिठ्ठी लावलेली प्रत्येक चादर सोलापूरची असतेच असे नाही. गिऱ्हाईक चिठ्ठीबरोबर वीणही पाहते. बाहेरून आणलेल्या प्रोग्रामच्या बाबतीत ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब आहे काय व त्यावर कोणाचे नाव आहे, हे पाहावे. प्रणालीच्या स्वतःच्या अनेक फाइलींवर हा टॅब नसतो, कारण त्यांच्या सह्या निराळ्या सूचीत ठेवलेल्या असतात. त्यावरून त्या खोट्या ठरत नाहीत. परंतु कोणी पेन ड्राइव्हवरून दिलेल्या प्रोग्रामवर सहीच नसेल, तर तो शाळेच्या संगणकावर न बसविणेच इष्ट.

६. संगणकाची नोंदवही

वर सांगितलेल्या सर्व गोष्टींचा उपयोग, त्या लिहून ठेवल्या तरच होतो. जडसंग्रह वहीत संगणकाची किंमत व खरेदीची तारीख असते. त्याच्या आत काय बसविले आहे, हे तेथे नसते. म्हणून प्रत्येक शाळेने एक लहान वही ठेवावी आणि तीत पुढील रकाने आखावेत : दिनांक, प्रणालीचे नाव व ‘विनव्हर’चा बिल्ड, ‘एक्सप्लोरर’ची आवृत्ती, नेहमी वापरावयाच्या फॉन्टची आवृत्ती, बदल कोणी केला, आणि बदलानंतर काय आढळले.

प्रणाली बदलण्याच्या आदल्या दिवशी ही नोंद करावी आणि बदलल्यानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. त्याच वेळी दाखल्याचा एक नमुना बदलापूर्वी कागदावर छापून ठेवावा. ‘शेतकऱ्यांच्या’, ‘ऱ्हस्व’, ‘ॲल्युमिनियम’, ‘कृष्णा’, ‘₹ १००’ असे कस पाहणारे शब्द त्यात असावेत. बदलानंतर तोच नमुना पुन्हा छापून दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणते अक्षर कोठे सरकले, हे मुलालाही सांगता येते. दुरुस्तीस येणाऱ्या माणसास ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढेच सांगितले, तर तो संपूर्ण प्रणाली पुन्हा बसवू पाहील आणि त्यात शाळेचे जुने काम नष्ट होण्याची भीती असते. त्यास वही दाखविली, तर तो नेमक्या जागी हात घालील.

शाळेतील शिक्षकाची बदली होते. संगणक मात्र तेथेच राहतो. नवा शिक्षक आला की त्याला यंत्राचा पूर्वेतिहास कोणी सांगावा? ही वहीच तो सांगेल.

७. वर्गात उपयोग

इयत्ता चौथी-पाचवीच्या वर्गास हा विषय संगणकावाचूनही शिकविता येतो. प्रत्येक मुलास आपल्या पाठ्यपुस्तकावरील प्रथमावृत्तीचे व पुनर्मुद्रणाचे वर्ष शोधावयास सांगावे. काही मुलांपाशी मागील वर्षीची पुस्तके असतात. त्यांतील वर्षांची तुलना करवून घ्यावी. दशांश अपूर्णांकांचा पाठ झालेल्या वर्गास ९.२ व ९.१० यांचा प्रश्न दोन्ही अर्थांनी घालावा. एकच लेखन निरनिराळ्या व्यवहारांत निरनिराळा अर्थ धारण करते, हे मुलांस यातून सहज उमगते. घड्याळातील ९.१० आणि मोजपट्टीवरील ९.१० यांचे उदाहरण त्यास जोडून द्यावे.

स्वाध्याय

(१) पुढील आवृत्ती जुन्याकडून नव्याकडे या क्रमाने लिहा आणि प्रत्येकीसमोर प्रणालीचे नाव मांडा : १०.०.२२६२१, ६.१.७६०१, ५.१.२६००, १०.०.१९०४१, ६.३.९६००.

(२) एका फाइलीवर १०.० असा प्रारंभ आहे. एवढ्यावरून ती विंडोज ११ ची आहे किंवा नाही हे ठरते काय? का?

(३) ‘डेट मॉडिफाइड’ आणि ‘फाइल व्हर्शन’ यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट करा.

(४) आपल्या शाळेतील संगणकाची नोंद वरील रकान्यांत करून केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेच्या नोंदीशी ताडून पाहा.

समारोप

यंत्रे बदलत राहतील आणि त्यांतील टॅबांची नावेही बदलतील. ‘व्हर्शन’चे ‘डिटेल्स’ झाले, तसे उद्या त्याचे आणखी काही होईल. परंतु निर्णयापूर्वी पुरावा पाहावा, पाहिलेले लिहून ठेवावे, आणि लिहिलेले दुसऱ्यास वाचता यावे, ही शिस्त प्राथमिक शिक्षकास नवी नाही. तीच तो रोज मुलांच्या अंगी बाणवीत असतो. तीच शिस्त संगणकापुढे बसतानाही पाळली, तर दाखल्यावरील मुलाचे नाव जसे आहे तसेच उमटेल.